किट कार अर्धवट राहिली, आता विकायची कशी?

प्रश्न : सात वर्षांपूर्वी मी दोन माणसांच्या उघड्या स्पोर्ट्स कारचं किट (सुटे भाग घेऊन गाडी घरीच जोडायची) घेतलं. चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, उभी आहे, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग लागलंय, डोनर गाडीचं (जिचे भाग काढून घेतले त्या जुन्या गाडीचं) इंजिन-गिअरबॉक्स आत बसलंय. ब्रेकचे पाइप अर्धेच झालेत, वायरिंगला हात लावलेला नाही. फायबरची बॉडी भिंतीला टेकून उभी आहे आणि बाकीचं सगळं सतरा खोक्यांत. पहिली दोन वर्षं दर रविवारी राबलो. मग मानेनं त्रास द्यायला सुरुवात केली आणि खरं सांगायचं तर मनही उडालं. घातलेले पैसे निघतील का? वायरिंग करून, इंजिन चालू करून विकलं तर बरं पडेल का? की सरळ सुटे भाग मोकळे करू?

उत्तर : पैशांचं आधी उरकून टाकतो. निघणार नाहीत. अर्धवट किटला मिळते ती सुट्या भागांची किंमत, आणि त्यातूनही घेणाऱ्याला जेवढी भीती वाटते तेवढे पैसे वजा होतात. तुमचे रविवार कोणी मोजत नाही. भागांचे भाव तुमच्या हातात नाहीत, पण भीती कमी करणं आहे.

ही भीती कसली, ते माझ्याच अनुभवावरून सांगतो. मी एकदा असंच कोणाचं तरी राहिलेलं किट घेतलं. विकणारा म्हणाला, ‘‘पुढचं सस्पेन्शन पूर्ण आहे, काही करायला नको.’’ घरी आणून खालच्या विशबोनच्या (चाक चॅसीला जोडणाऱ्या दांड्याच्या) बोल्टला पाना लावला तर नट अर्धा फेरा सहज फिरला. शेजारचा गच्च. तिसरा पुन्हा सैल. झालं! त्यानंतर गाडीवरच्या एकाही बोल्टवर माझा विश्वास बसेना. सगळं उलगडलं, सगळे नायलॉक नट नवे घातले (त्यातली नायलॉनची कडी एकदा काढघाल झाली की पहिल्यासारखी पकडत नाही), आणि त्या माणसानं महिनोन् महिने केलेल्या कामाची किंमत माझ्या लेखी शून्य झाली.

गंमत पुढे आहे. ते सैल बोल्ट चुकून राहिलेले नसतीलही. रबरी बुशमधून (सांध्यातल्या रबराच्या नळीतून) जाणारे बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहून तिच्यावर वजन आलं की मगच शेवटचे आवळायचे असतात, नाहीतर बुश कायम पीळ घेऊन बसते आणि लवकर फाटते. म्हणजे तो माणूस बहुधा माझ्यापेक्षा हुशार होता. फक्त त्यानं लिहून ठेवलं नव्हतं.

म्हणून तुम्ही एवढंच करा. एक रविवार काढा, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना) आणि पिवळा पेंट मार्कर घ्या. जो नट शेवटचा आवळलाय त्याच्यावरून थेट खालच्या पट्टीवर जाईल अशी एक रेघ ओढा. जो मुद्दाम सैल ठेवलाय त्याला लाल टेप गुंडाळा. मग वहीत लिहा: काय झालं, काय राहिलं, काय मिळालंच नाही. ही वही कुठल्याही वायरिंगपेक्षा जास्त पैसे मिळवून देईल.

वायरिंगला हात लावू नका. विकायच्या घाईत केलेलं वायरिंग पुढचा माणूस पहिल्याच दिवशी उपटतो. मी तरी उपटतो. इंजिन मात्र अडकलेलं नाही हे दाखवायलाच हवं. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या, आणि क्रँक पुलीच्या (इंजिनच्या टोकाला फिरणाऱ्या चकतीच्या) बोल्टला पाना लावून इंजिन ज्या दिशेनं चालतं त्याच दिशेनं हळूहळू दोन फेरे फिरवा. त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. कार्ब्युरेटरचं जुनं इंजिन असेल तर तात्पुरत्या चार वायरींवर चालूही करता येईल. फ्युएल इंजेक्शनचं असेल तर डोनर गाडीचं ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर), त्याचं हार्नेस (वायरींचा जुडगा) आणि इमोबिलायझर (दुसऱ्या किल्लीनं इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा) असेल तर मूळ किल्लीही लागेल. ती किल्ली सतरापैकी कुठल्या खोक्यात आहे ते आजच शोधा.

सुटे भाग विकण्याचा मोह मला कळतो, पण त्यात काय होतं पाहा. इंजिन, गिअरबॉक्स, सीटा, चाकं पटापट जातात आणि नको असलेली चॅसी आणि फायबरची बॉडी, म्हणजे सगळ्यात जागा खाणारं धूड, तुमच्याच गळ्यात उरतं. आधी पूर्ण विकायचा प्रयत्न करा. तीन-चार महिन्यांत कोणी आलंच नाही, तर मग बघू. तोवर चाकं काढू नका. ढकलून ट्रेलरवर चढवता येणारी गाडी आणि चार माणसांनी उचलून न्यायचा सांगाडा, यांच्या भावात फरक पडतोच.

कागद. किटच्या बिलावरचा चॅसी नंबर, डोनर गाडीचं रजिस्ट्रेशन, त्यातला इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळतो का, भागांच्या पावत्या, आणि बांधतानाचे फोटो. गाडीला नंबर मिळवताना ‘हे भाग कुठून आले’ हा प्रश्न येतो तो नव्या मालकाला, उत्तर मात्र तुमच्या फायलीत असतं. किट कार आणि कागद यांचं नातं तसं जुनंच. १९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हन ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार किट म्हणून खपली, त्यामागे ब्रिटनमधला कर होता. तयार गाडीवर पर्चेस टॅक्स लागे, सुट्या भागांवर नाही. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ही पळवाट बंद झाली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे गेले.

जाहिरातीत ‘९० टक्के पूर्ण’ असं चुकूनही लिहू नका. ज्यानं एकदा किट बांधलंय तो हे वाचून हसतो, कारण उरलेल्या दहा टक्क्यांतच वायरिंग, ब्रेक, काचा, दिवे आणि तपासणी असते. त्याऐवजी खोक्यांना नंबर द्या, एकेक खोकं जमिनीवर मांडून वरून फोटो काढा. आणि काय नाही तेही सांगा. ‘क्लचचं रिलीज बेअरिंग सापडत नाही’ असं स्वतःहून सांगणाऱ्या माणसाशी फार घासाघीस करायला मला तरी जड जातं.

प्रश्न : मी असं एक अर्धवट किट घ्यायच्या विचारात आहे. टायर कोरे आहेत, ब्रेकही भरलेत, असं मालक म्हणतो. आणखी काय पाहू?

उत्तर : हेच दोन नीट पाहा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३वा आठवडा. रस्ता न पाहिलेला टायरही म्हातारा होतो. आणि ब्रेक भरले ते कधी, हे विचारा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. वर्षानुवर्षं तसंच राहिलं की बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या कॅलिपरचा (चाकाजवळच्या, ब्रेक दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन आतून गंजून धरतो. चाक वर उचलून हातानं फिरवून बघा, मालकाच्या समोरच.