जिना उतरताना गुडघा धरतो

प्रश्न : आईचं वय ५८, जिना उतरताना गुडघे फार दुखतात, सकाळी उठल्यावर थोडा वेळ आखडलेले असतात. चालणं बंद करू का म्हणते?

उत्तर : अजिबात नको! झीज असली तरी बसून राहिलं की मांडीचे स्नायू ढिले पडतात आणि सगळा भार गुडघ्यावरच येतो. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची, खाली दाबून ५ सेकंद धरायचं, सोडायचं, असं १०-१० वेळा दोन्ही पायांना. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं सध्या टाळा. वजन १ किलो कमी झालं तरी पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने उतरतो. मेडिकलवाल्याकडून रोज पेनकिलर मात्र नको, किडनीला जड जातात. गुडघा लाल, गरम झाला, ताप आला किंवा अडकून बसला तर लगेच ऑर्थोपेडिक गाठा.