जोडीने मुंबई मॅरेथॉनला जाताना

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि गोव्यातून तिथे जोडीने धावायला जाणारे पुष्कळ. या वेळच्या पत्रांतली चार त्याबद्दलची आहेत.

माझे मिस्टर पूर्ण मॅरेथॉन धावणार, मी अर्ध. त्यांची सुरुवात सीएसएमटीला, माझी माहीम रेतीबंदरला, आणि दोन्ही पहाटे पाचच्या सुमारास. राहायचं कुठे? धावून झाल्यावर भेटायचं कुठे? — फोंडा

राहा दादरला. फोर्टमध्ये राहिलात तर मिस्टर चालत पोचतील, पण तुम्हाला अंधारात एकटीने माहीम गाठावं लागेल. माहीमला राहिलात तर हेच उलट. दादरला मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्गांच्या लोकल मिळतात. ते मध्य रेल्वेने थेट सीएसएमटीला जातील, तुम्ही पश्चिमच्या स्लो लोकलने माटुंगा रोडनंतर माहीमला उतराल. फास्ट लोकल माहीमला थांबत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. कोकणकन्या आणि मांडवी दोन्ही दादरला थांबतात, त्यामुळे बॅगा घेऊन शहरभर फिरावं लागत नाही. त्या पहाटे रेल्वे जादा लोकल सोडते. त्यांच्या वेळा वर्तमानपत्रात पाहूनच गजर लावा. टॅक्सीच्या भरवशावर राहू नका. मार्गावरचे रस्ते आधीच बंद झालेले असतात.

गोव्याहून गुरुवारी रात्री निघा. धावण्याच्या दिवशी बिब (छातीवर लावायचा नंबर) मिळत नाही आणि शनिवारी एक्स्पोत, म्हणजे बिब वाटतात तिथे, एवढी गर्दी असते की दोन-तीन तास उभं राहून पाय तिथेच शिणतात. शुक्रवारी बिब घेऊन मोकळं व्हा. एक्स्पो बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) असेल तर दादरहून मेट्रो ३ ने तिसरं स्टेशन. मूळ ओळखपत्र दोघांनीही जवळ ठेवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर तिकीट काढायला बसायचं.

शनिवारी संध्याकाळी दोघांचे टी-शर्ट पलंगावर पसरून बिब लावून टाका, चार कोपऱ्यांना चार सेफ्टी पिना. पहाटेच्या घाईत एकाचा बिब दुसऱ्याच्या अंगावर गेला, तर बिबमधली वेळ मोजणारी चिप बिबवरच्या नावावरच नोंद करते आणि दोघांचेही निकाल बाद होतात. चिपची पट्टी बिबच्या मागे असते, ती दुमडू नका, तिच्यातून पिनही घालू नका. मागच्या बाजूला आणीबाणीचा फोन नंबर लिहायचा असतो. तिथे जोडपी हमखास एकमेकांचे नंबर लिहितात. जोडीदार धावत असताना फोन उचलणार कोण? घरी असलेल्या भावाचा, बहिणीचा नंबर लिहा. रक्तगट आणि औषधांची ॲलर्जीही लिहा.

भेटायचं ठिकाण फोनवर सोडू नका. शेवटच्या टप्प्यावर इतकी माणसं असतात की फोन लागेलच असं नाही. आझाद मैदानाच्या गर्दीत शोधत बसण्यापेक्षा चर्चगेट स्टेशनात इंडिकेटरखाली भेटायचं ठरवा. डोक्यावर छप्पर आहे, स्वच्छतागृह आहे, रस्ता बंद असला तरी सबवे आहे आणि परत दादरला जायला लोकल समोरच. तुम्ही अडीच तासांत पोचलात आणि त्यांना पाच तास लागले, तर मधले अडीच तास तुम्हाला काढायचे आहेत. सुरुवातीला जमा करून शेवटी परत मिळणाऱ्या बॅगेत कोरडा कुर्ता, चपला, खाऊ आणि थोडे पैसे ठेवा. ओल्या कपड्यांत बसून राहिलात तर घाम वाळता वाळता थंडी भरते.

जाता जाता: पेडर रोडचा चढ पूर्ण मॅरेथॉनवाल्यांना थकल्या पायांनी चढावा लागतो. मार्ग वर्षागणिक थोडाफार बदलतो, त्यामुळे यंदाचा नकाशा नीट पाहा. सरावाला तुमच्याकडे फर्मागुडीचा चढ आहे. लांब धावेच्या शेवटी तो चढा, सुरुवातीला नको. चढावर घड्याळातला पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) पाहायचा नाही, श्वास सारखा ठेवायचा.

आम्ही दोघंही अर्ध मॅरेथॉन एकत्र धावणार. माझी मागची वेळ २:०५, बायकोची २:३०. सुरुवातीचे विभाग वेगवेगळे मिळालेत. काय करू? — म्हापसा

तुम्ही मागे तिच्या विभागात जा. मागचा पुढे घुसला तर अडवतात, पुढच्याने मागे जायला सहसा हरकत नसते. तुमचा काही तोटाही नाही, कारण चिपची वेळ सुरुवातीच्या रेषेवरची मॅट ओलांडल्यापासून मोजली जाते.

२:३० म्हणजे किलोमीटरला सुमारे ७:०७ मिनिटं, तुमच्या २:०५ ला पडतात सुमारे ५:५५. हा फरक लहान नाही. तुम्ही अर्धं पाऊल पुढे राहिलात की ती नकळत ताणली जाते आणि पंधराव्या किलोमीटरनंतर कोसळते. म्हणून पेस तिने धरायचा, तुम्ही तिच्या बाजूला किंवा किंचित मागे. पहिले दहा किलोमीटर तिला पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. सी-लिंकवर वारा आणि गर्दीचा उत्साह यांनी पेस हटकून वाढतो. तिथे घड्याळ पाहायचं काम तुमचं. एकाला थांबावं लागलं तर दुसऱ्याने थांबायचं की पुढे जायचं, हे आधीच बोलून ठेवा. पायात गोळा आला असेल तर पुढे गेलात तरी चालेल. पण चक्कर, असंबद्ध बडबड, तोल जाणं यांपैकी काहीही दिसलं तर सोबत थांबा आणि वैद्यकीय मदत बोलवा.

आणि तुम्हाला स्वतःची वेळ सुधारायचीच असेल, तर हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा. सुरुवातीच्या रेषेवर सांगू नका.

शनिवारी रात्री आणि रविवारी पहाटे काय खावं? हॉटेलात पेज कुठून मिळणार? — मडगाव

शनिवारी सातपर्यंत जेवा: भात, वरण, थोडं दही. तिसऱ्या, कुर्ल्या, सुंगटं रविवार दुपारपर्यंत नकोत. शिंपलं-कवचाची मासळी जराशी जुनी असली तरी पोट बिघडतं, आणि नारळाचं दाट हुमण रात्रभर जड राहतं.

उकड्या तांदळाची पेज उत्तमच, पण हॉटेलात ती कोण करून देणार? सुरुवातीच्या दोन-अडीच तास आधी दोन पाव, दोन चमचे जॅम आणि एक केळं खा. त्यातून ८० ते ९० ग्रॅम कर्बोदकं मिळतात, ६० किलो वजनाला ती पुरतात. पोयी त्या दिवशी नको, तिच्यात कोंडा असतो आणि स्वच्छतागृहाच्या रांगा लांब असतात. हा नाश्ता मिरामारच्या लांब धावांआधी तीन-चार वेळा करून बघा. नवीन काहीही त्या दिवशी पहिल्यांदा खाऊ नका.

धावताना ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एका जेलमध्ये (धावताना चोखायच्या गोड, घट्ट पाकात) साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे दर ३०-४० मिनिटांनी एक, साध्या पाण्याबरोबर. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते अख्खं एका पेल्यात कालवलं तर मीठ जास्त होतं आणि मळमळतं. पाणी मात्र तहानेप्रमाणेच प्या. प्रत्येक स्टॉलवर पोटभर प्यायल्याने रक्तातलं सोडियम घसरतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

दोघांचा घाम सारखा नसतो. तासभर धावण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, वजन करा. कमी झालेलं प्रत्येक किलो म्हणजे लिटरभर घाम. वाटेत प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. नवऱ्याच्या हिशेबाने बायकोने पिऊ नये.

रविवारी रात्रीच्याच कोकणकन्येने परतलो तर चालेल का? — पर्वरी

चालेल, गाडी स्वतः चालवत येऊ नका म्हणजे झालं. दोघांसाठीही लोअर बर्थ मागा. वरच्यावर चढताना मांडीत गोळे येतात. हॉटेलची खोली रविवारीही आपल्याकडे राहील असं बघा, नाहीतर बाराला बाहेर पडून रात्रीपर्यंत घामट अंगाने बसावं लागेल. दुपारी भरपेट जेवा, तासाभराने थोडं चाला. धावण्याआधी, धावताना किंवा लगेच नंतर आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊ नका, पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला जड जाते. लघवी गडद तपकिरी, काळ्या चहासारखी झाली, तर गाडी पकडू नका. त्याच दिवशी मुंबईतच इस्पितळात जा.