शेअर पडला म्हणून ऑफर सोडायची का?

सप्रेम नमस्कार,

तुमची लेक ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार अभियांत्रिकीच्या) शेवटच्या वर्षाला आहे. नेटवर्किंगची उपकरणं पुरवणाऱ्या कंपनीची कॅम्पस ऑफर हातात आहे आणि मंदीमुळे गुंतवणूकदारांचा त्याच कंपनीवरचा विश्वास उडाल्याचं तुम्ही वाचलंत. ऑफर सोडून तिला बँकेच्या परीक्षांना बसवू का, असं तुम्ही विचारता.

एवढ्यावरून अजिबात नको. गुंतवणूकदार बघतो, या भावाला शेअर परवडतो का. तुम्हाला बघायचंय, पगार वेळेवर होईल का आणि पोरीला काम शिकायला मिळेल का.

नेटवर्किंगची उपकरणं बनवणाऱ्या अमेरिकेतल्या सिस्कोचं उदाहरण घ्या. मार्च 2000 मध्ये ती काही काळ जगातली सर्वांत मोठ्या बाजारमूल्याची कंपनी होती. माल मिळायला वेळ लागायचा, म्हणून ग्राहक एकाच गरजेसाठी दोन-तीन ठिकाणी ऑर्डरी नोंदवत. त्यांतले बरेच कर्जावर उभे होते, काहींना तर पुरवठादारच उधार देत होते. 2001 मध्ये मंदी आली, ऑर्डरी आटल्या. सिस्कोला 2 अब्ज डॉलरहून जास्त किमतीचा साठा निर्लेखित करावा लागला, म्हणजे तोटा म्हणून हिशेबातून काढून टाकावा लागला. साधारण 8,500 जणांच्या नोकऱ्या गेल्या, हे मी लपवणार नाही. शेअर 80 टक्क्यांहून जास्त पडला. पण गाठीला रोकड होती, म्हणून कंपनी टिकली. त्याच धंद्यातल्या कॅनडाच्या नॉर्टेलने मात्र 2009 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

म्हणून शेअरचा भाव बाजूला ठेवा आणि कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा. रोकड किती, कर्ज किती, ते आधी बघा. मग मालाचा साठा आणि ग्राहकांकडून येणं बाकी, या दोन ओळी मागच्या वर्षाशी ताडून बघा. विक्री 10 टक्के वाढली आणि येणं 40 टक्के, तर माल उधारीवर खपवला जातोय अशी शंका घ्यायला जागा आहे. निम्मी विक्री एक-दोन ग्राहकांवर असेल, तरी सावध राहा.

हे ठीक असेल तर तिला खुशाल जाऊ द्या. राउटिंग, स्विचिंग, नेटवर्क सुरक्षा हे काम हाताखालून गेलं की ते दुसऱ्या कंपनीतही चालतं. बँकेच्या परीक्षा वाईट नाहीत, पण तिला त्यात रस असल्याचं तुमच्या पत्रात कुठेच दिसत नाही. तिला विचारलंत का?

माझी खरी काळजी वेगळी आहे. तुम्ही ओझरता उल्लेख केलेला दोन वर्षांचा बाँड, म्हणजे त्याआधी नोकरी सोडली तर पैसे भरायची अट. कंपनीनेच तिला कामावरून कमी केलं तर बाँडचे पैसे भरावे लागणार नाहीत, हे लेखी घ्या. सही त्यानंतरच.