इम्युलेटरवर इम्युलेटर चढवला तर लॅपटॉप दमेल का?

प्रश्न : न्यू जर्सीतल्या मावसभावाने त्याचा जुना निन्टेन्डो वी यू हा गेम कन्सोल माझ्या मुलीला दिला, सोबत चार डिस्क. इथे प्लग लावला आणि अ‍ॅडॅप्टरमधून धूर आला. मग भावाने दोन डिस्कवरून स्वतः काढून ठेवलेले गेम आणि सेमू ह्या इम्युलेटरचं (कॉम्प्युटरवर वी यूची नक्कल करून त्याचे खेळ चालवणारा कार्यक्रम) त्याचं १.१५ आवृत्तीचं फोल्डर, मुलीच्या आवडत्या खेळाच्या सेव्हसकट, हार्डडिस्कवर घालून दिलं. माझा लॅपटॉप सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, रॅम ८ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज १० चा सपोर्ट संपल्यावर मी लिनक्स मिंट टाकलं. सेमू विंडोजचं, म्हणून एका जुन्या लेखाबरहुकूम विंडोजचे कार्यक्रम लिनक्सवर चालवणारं वाइन बसवलं, ३२ बिटचा प्रिफिक्स (वाइनचं विंडोजसारखं फोल्डर) केला, डीएक्सव्हीकेही टाकलं. ‘बॅड ईएक्सई फॉरमॅट’ एवढंच येतं. ऑफिसातला मित्र म्हणतो, ‘इम्युलेटरच्या आत इम्युलेटर म्हणजे रांगणारच, परत विंडोज टाक.’ टाकू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नका टाकू. विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरच्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होत असणार, तेव्हा एका खेळापायी मागे जाऊ नका.

तुमची चूक साधी आहे. सेमू पहिल्यापासून ६४ बिटचं आहे. ३२ बिटच्या प्रिफिक्समध्ये वाइन त्याला आतच घेत नाही आणि तोच निरोप तुम्हाला मिळतोय. डीएक्सव्हीकेचाही इथे काही उपयोग नाही. ते डायरेक्ट-थ्रीडीच्या हाका व्हल्कनमध्ये बदलतं (ग्राफिक्सशी बोलायच्या ह्या दोन भाषा, ओपनजीएल ही तिसरी) आणि सेमू डायरेक्ट-थ्रीडी वापरतच नाही. त्याचं काम ओपनजीएलवर चालायचं, २०१९ च्या अखेरीस आवृत्ती १.१६ पासून व्हल्कन आलं. तुमचं १.१५ त्याच्याही आधीचं. जुने लेख दहा कार्यक्रमांच्या युक्त्या एकाच पातेल्यात ढवळतात, त्यातलीच ही गत.

आता मित्राचं म्हणणं. ते ऐकायला बिनतोड वाटतं, पण वाइन इम्युलेटर नाही. तुमच्या लॅपटॉपवर विंडोज असो की लिनक्स, प्रोसेसर तोच आणि ईएक्सईमधल्या सूचनाही त्यालाच कळणाऱ्या. फरक पडतो तो कार्यक्रम ‘फाइल उघड’, ‘खिडकी दाखव’ म्हणून विंडोजकडे मागणी करतो तेव्हा. आचारी तोच, फक्त स्वयंपाकघर परकं. मीठ कुठल्या डब्यात ते सांगायला शेजारी एक माणूस उभा, तो वाइन. फोडणी त्याच्यामुळे उशिरा बसत नाही. १९९३ पासून हे काम चालू आहे आणि स्टीम ह्या खेळांच्या दुकानातलं, विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं प्रोटॉनही ह्याच पायावर उभं आहे.

खरा घाम गाळतं ते सेमू. वी यूमध्ये आयबीएमचा पॉवरपीसी जातीचा तीन कोअरचा प्रोसेसर होता. त्याची भाषा तुमच्या इंटेलला ओ की ठो कळत नाही. ती सगळी पळता पळता बदलून घ्यावी लागते, वर ग्राफिक्सचे शेडर (चित्र रंगवणारे छोटे कार्यक्रम) नव्याने कंपाइल करावे लागतात. ही मेहनत विंडोजवरही तेवढीच.

उलट एक मजा सांगतो. व्हल्कन येण्याआधीच्या दिवसांत एएमडी कार्डवाले कित्येक जण मुद्दाम लिनक्सवर, वाइनमधून सेमू चालवायचे. विंडोजवरचा एएमडीचा ओपनजीएल ड्रायव्हर ढिम्म होता, लिनक्सचा मेसा चलाख. मधे वाइन असूनही खेळ विंडोजपेक्षा सुसाट पळायचा. हे मित्राला जरूर ऐकवा.

एवढं वाइनपुराण सांगितलं, पण तुम्हाला वाइन लागतच नाही. सेमू २०१५ मध्ये आलं तेव्हा फक्त विंडोजसाठी होतं आणि त्याचा सोर्सही बंद होता. ऑगस्ट २०२२ मध्ये २.० आवृत्तीबरोबर सोर्स खुला झाला आणि लिनक्सची आवृत्तीही आली. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ‘सेमू’ शोधा, फ्लॅटपॅक (लिनक्सवर बसवायचं तयार पॅकेज) मिळेल, तेच बसवा. कुठलाही जुना कार्यक्रम वाइनमध्ये घालण्याआधी त्याचा लिनक्स अवतार आलाय का ते बघायचं, ही माझी पहिली सवय. निम्म्या वेळा वाइनची गरज तिथेच संपते.

मुलीचा सेव्ह भावाच्या फोल्डरमधल्या ‘एमएलसी०१’ ह्या पोटफोल्डरमध्ये आहे. त्याची एक प्रत बाजूला ठेवा, दुसरी घरच्या डिस्कवर आणा आणि नव्या सेमूच्या जनरल सेटिंग्जमध्ये एमएलसीचा मार्ग म्हणून ती दाखवा. मूळ प्रतीला हात लावू नका. सेव्ह गेला तर मुलगी तुम्हाला माफ करणार नाही, मला तर नाहीच नाही. गेमचं फोल्डर दिसलं नाही तर फ्लॅटपॅकला त्या जागेची परवानगी नसेल. फ्लॅटसील नावाचं छोटं साधन घेऊन ती द्या.

ग्राफिक्समध्ये व्हल्कन निवडा आणि ‘असिंक शेडर कंपाइल’वर खूण करा. तरीही नव्या जागी पोचलात की पहिल्यांदा गचके बसतील, पुढच्या खेपेला कमी होतील. आणि आता कडू गोष्ट : तुमच्या प्रोसेसरला खरे कोअर दोनच असणार आणि ग्राफिक्स त्याच्याच पोटातलं. ‘न्यू सुपर मारियो ब्रदर्स यू’सारखा हलका खेळ करून बघा. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ ह्या लॅपटॉपवर रखडेल. त्याला वाइन, लिनक्स, विंडोज कोणीच जबाबदार नाही.

आणि तो वी यू माळ्यावर टाकला असाल तर खाली काढा. अमेरिकी वी यूचा अ‍ॅडॅप्टर फक्त १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० मध्ये तो जाणारच. माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर अमेरिकेहून आलेली अशी यंत्रं नेहमी येतात. बहुतेकदा अ‍ॅडॅप्टर स्वतः जळतो आणि मागचं यंत्र वाचवतो. युरोपातल्या विक्रीचा, २२० ते २४० व्होल्ट घेणारा वी यूचा अ‍ॅडॅप्टर मिळवा. त्यावर आउटपुट १५ व्होल्ट, ५ अँपिअर असं छापलेलं असलं पाहिजे. गेमपॅडचा चार्जर वेगळा असतो, त्याचं आउटपुट ४.७५ व्होल्ट. तोही अमेरिकेचाच असेल, तेव्हा त्याच्या पोटावरचं इनपुट वाचल्याशिवाय भिंतीत घालू नका.

कन्सोल जिवंत झाला तर उरलेल्या दोन डिस्कचाही प्रश्न सुटतो. ह्या डिस्क २५ जीबीच्या खास बनावटीच्या, लॅपटॉपचा ड्राइव्ह त्या वाचू शकत नाही. त्या वी यूमध्येच घालून ‘डम्पलिंग’ ह्या होमब्रू (म्हणजे हौशी लोकांनी बनवलेल्या) साधनाने एसडी कार्डावर उतरवता येतात, आणि सेमू त्या तशाच उघडतं. इंटरनेटवरून फुकट उतरवायची वाट विचाराल तर ती मी सांगणार नाही.

प्रश्न : गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठी मी छोटा खेळ लिहिते आहे. डीबगरसाठी (चुका शोधायच्या साधनासाठी) नो-कॅश-जीबीए हे विंडोजवरचं इम्युलेटर सॉफ्टवेअर लागतं. ते वाइनमध्ये झकास उघडतं, पण सेटिंग्ज आणि सेव्ह टिकत नाहीत. सुडो लावून, म्हणजे सिस्टिमच्या मालकाच्या (रूटच्या) अधिकाराने चालवू का?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : सुडो लावून वाइन कधीच नको. तसं केलं की विंडोजचा कुठलाही कार्यक्रम, त्यातला व्हायरससुद्धा, अख्ख्या सिस्टिमचा मालक होतो, आणि घरच्या फोल्डरमध्ये रूटच्या मालकीच्या फायली पडतात त्या निराळ्याच.

तुम्ही ते फोल्डर ‘ऑप्ट’ ह्या सिस्टिमच्या फोल्डरमध्ये ठेवलं असणार. नो-कॅश-जीबीए सेटिंग्जची आयएनआय फाइल स्वतःच्या शेजारी लिहितं आणि सेव्ह शेजारच्याच ‘बॅटरी’ फोल्डरमध्ये. तिथे साध्या युजरला लिहायला मनाई आहे. फोल्डर उचलून स्वतःच्या होममध्ये आणा, वेगळं काही करावं लागत नाही. सुडोने एखाद्या वेळी चालवून झालंच असेल तर होममधल्या लपलेल्या ‘.वाइन’ फोल्डरचं नाव बदला. पुढच्या वेळी वाइन नवं बनवून घेईल. नुसता खेळून बघायला एमजीबीए नावाचं इम्युलेटर सॉफ्टवेअर आहे, ते लिनक्सवर थेट चालतं.