टी-20 खेळायचंय? मग आधी चार दिवस खेळायला शिकू द्या

दर्यापूर तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आलं आहे. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मुलगा सतरा वर्षांचा, अकरावीत. गोलंदाजी जोरात टाकतो, फटकेही मारतो. गेल्या हंगामात टेनिस बॉलच्या दोन टूर्नामेंटांत मॅन ऑफ द सिरीज ठरला. आता शिक्षण सोडून नागपूरच्या एका खासगी अकादमीत राहायला जायचं म्हणतो. फी, राहणं, खाणं मिळून वर्षाला दीड लाख. त्यासाठी एक एकर विकावं का, असं वडील विचारतात. "पोट्टं म्हनते, जितेश शर्मा अमरावतीचाच हाय ना बाबा, मंग मी काऊन नाई?"

भाऊ, नमस्कार.

एकर विकू नका, गहाणही ठेवू नका. उत्तर लांब आहे, पण एवढं आधीच लिहितो, कारण सौदा दिवाळीपर्यंत होईल असं तुमच्या पत्रात आहे.

मुलाचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र त्यानं पूर्ण ऐकावं. जितेशचा जन्म 1993 चा. विदर्भाच्या सीनियर संघात तो 2014 मध्ये आला. 2016 मध्ये मुंबई इंडियन्सनं त्याला घेतलं, पण एकही सामना खेळायला मिळाला नाही. आयपीएलमध्ये तो पहिल्यांदा मैदानात उतरला 2022 साली, पंजाब किंग्जकडून. भारताची टी-20 टोपी, म्हणजे देशाच्या संघातून पहिला सामना, मिळाली ऑक्टोबर 2023 मध्ये, हांगझोच्या आशियाई स्पर्धेत नेपाळविरुद्ध. तेव्हा तो तिशीला टेकला होता. विदर्भाच्या संघात शिरल्यापासून नऊ वर्षं गेली होती. तुमचा मुलगा टीव्हीवरचा जितेश बघतो. त्यानं ही मधली वर्षं बघावीत, असं मला मनापासून वाटतं.

उमेश यादवचं नावही तुम्ही घेतलंय. तोही टेनिस बॉलवरच खेळायचा, हे खरं आहे. खापरखेड्याजवळच्या वलनीचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. पोलीस आणि सैन्यात जायची धडपड केली, जमलं नाही. विदर्भाकडून रणजी, म्हणजे राज्यांच्या संघांची चार दिवसांच्या सामन्यांची स्पर्धा, खेळला नोव्हेंबर 2008 मध्ये आणि मे 2010 मध्ये भारताच्या एकदिवसीय संघात होता. ही गोष्ट गावोगाव सांगितली जाते ती इथपर्यंतच. पुढचं ऐका. उमेश भारताकडून 57 कसोटी खेळला आणि टी-20 फक्त 9. पहिला टी-20 सामना मिळाला 2012 मध्ये, कसोटीत पदार्पण झाल्यानंतर. ज्या वेगावर निवड समितीची नजर गेली, तो वेग रणजीच्या लांब स्पेलमध्ये, सलग बरीच षटकं टाकताना, लेदर बॉलवर दिसला होता. सहा षटकांच्या टूर्नामेंटमध्ये नव्हे.

माझं म्हणणं एवढंच आहे. विदर्भातून भारताच्या टी-20 संघाकडे जाणारी मुलांची वाट लांब क्रिकेटमधून जाते. हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका, स्पर्धांची रचनाच तशी आहे. बीसीसीआयच्या सोळा वर्षांखालील मुलांची विजय मर्चंट करंडक स्पर्धा तीन दिवसांच्या सामन्यांची. एकोणीस वर्षांखालची कूचबिहार चार दिवसांची, विनू मंकड एकदिवसीय. पुढे सी. के. नायडू पुन्हा चार दिवसांची. राज्याकडून खेळायची टी-20 स्पर्धा, म्हणजे सय्यद मुश्ताक अली, थेट सीनियर पातळीवर येते. 2025 पासून विदर्भ प्रो टी-20 लीग सुरू झाली हे चांगलंच झालं, पण त्या लिलावाच्या यादीपर्यंत पोहोचायलाही आधी लेदर बॉलवर कुणाच्या तरी नजरेत भरावं लागतं.

पैशाचंही तसंच. सय्यद मुश्ताक अलीच्या एका सामन्याचे 17,500 रुपये मिळतात. रणजीत नव्या खेळाडूला दिवसाला 40,000, म्हणजे चार दिवसांच्या एका सामन्याचे 1 लाख 60 हजार. 2021 मध्ये हे दर ठरले. भारताकडून टी-20 खेळलात तर सामन्याला 3 लाख. पण 1 डिसेंबर 2006 ला भारत पहिला टी-20 सामना खेळला, तेव्हापासून आजवर ती टोपी मिळालेले पुरुष खेळाडू सव्वाशेच्या आसपास आहेत. अख्ख्या देशातून. वर्ध्यात जन्मलेल्या दर्शन नळकांडेनं 2021 मध्ये सय्यद मुश्ताक अलीच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध सलग चार चेंडूंत चार बळी घेतले. तो सामना विदर्भ चार धावांनी हरला, आणि एवढी कामगिरी करूनही दर्शनला भारताच्या संघाचं बोलावणं आलं नाही. मुलाला ध्येय द्यायचंच असेल तर विदर्भाच्या संघाचं द्या. 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा रणजी करंडक जिंकलेला हा संघ आहे. त्यात जागा मिळवणं हे एखाद्याच्या आयुष्याचं ध्येय असायला कुठे कमी पडत नाही.

आता अकादमीचं. निवड अकादमी करत नाही, विदर्भ क्रिकेट संघटनेची समिती करते. जो कुणी "आमच्याकडून गेलात तर नाव लागेल" म्हणेल, त्याच्याकडून त्याच दिवशी उठून या. बाकीच्यांना दोनच गोष्टी विचारा. गेल्या तीन वर्षांत तुमची कोणती मुलं विदर्भाच्या वयोगटाच्या संघात खेळली? आणि हंगामात माझ्या मुलाला लेदर बॉलवर प्रत्यक्ष सामने किती मिळतील? नेटमध्ये किती तास, हे महत्त्वाचं नाही. उत्तरं नावानिशी मिळाली नाहीत, तर दीड लाख हे वसतिगृहाचे पैसे समजा.

तुमच्या मुलाला आत्ता हवा आहे तो एक हंगाम लेदर बॉलचा, तोही घरून. दर्यापूरहून अमरावतीला शनिवार-रविवार जाता येतं. लेदर बॉलवर खेळणारा एखादा क्लब शोधा, तिथल्या प्रशिक्षकाला आधी त्याची गोलंदाजी दाखवा आणि हात बघायला सांगा. टेनिस बॉल हलका, त्याला वेग द्यायला बरीच मुलं नकळत कोपरातून फेकायला लागतात. गावच्या टूर्नामेंटमध्ये कुणी बोलत नाही, इथं मात्र पंच थांबवतो. दुसरं, सीमारेषा. पन्नास मीटरवर जाणारा फटका मोठ्या मैदानावर झेल होतो. तिसरी गोष्ट मी सगळ्यात मोठी मानतो. सकाळी आठ षटकं, दुपारी सहा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेगानं टाकता येतं का? हे त्याला स्वतःला कळू द्या. ते जमत असेल आणि त्यात त्याला मजा येत असेल, तर जिल्ह्याच्या निवड चाचणीला पाठवा आणि मला पुन्हा लिहा. तेव्हा पैशाचा विचार नव्यानं करू.

बारावी सोडायची नाही. पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते, तिथं खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या शारीरिक शिक्षणाच्या पदवीला बारावी लागते. फिजिओथेरपीला बारावी विज्ञान लागतं. पंच, गुणलेखक, खेळपट्टी तयार करणारा क्युरेटर, व्हिडिओ विश्लेषक, ही सगळी क्रिकेटमधलीच कामं आहेत आणि शिकलेल्या माणसाची तिथं गरज असते. उमेशलाही 2017 मध्ये खेळाडू म्हणून रिझर्व्ह बँकेत नागपूरला नोकरी मिळाली, ती भारताकडून खेळून झाल्यावर. टेनिस बॉलच्या टूर्नामेंटची ढाल अशा कुठल्याच ठिकाणी चालत नाही, शासनमान्य स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं.

भाऊ, पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ लिहिली आहे. सरावाला कुणी नसलं की आठवीतली बहीण त्याला चेंडू टाकते, "आनं तिची फिरकी त्यालेबी समजत नाई." ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

मुलांबद्दल वर जे लिहिलं ते मुलींना जसंच्या तसं लागू होत नाही. मुलींची एकोणीस वर्षांखालची टी-20 स्पर्धा बीसीसीआय घेतं, आणि त्या वयोगटाचा टी-20 विश्वचषकही आहे. भारतानं तो 2023 आणि 2025, दोन्ही वेळा जिंकला. म्हणजे छोट्या क्रिकेटमध्ये देशाकडून खेळायची संधी मुलीला शाळा-कॉलेजच्या वयातच समोर येते. तिथं जाण्यासाठी धडपडणाऱ्या खेड्यातल्या मुली अजून फार थोड्या आहेत. अमरावतीचीच भारती फुलमाळी मार्च 2019 मध्ये गुवाहाटीत इंग्लंडविरुद्ध भारताकडून टी-20 खेळली. दोन सामन्यांनंतर ती बाहेर गेली, पण खेळत राहिली आणि महिला प्रीमियर लीगमध्ये गुजरात जायंट्सकडून गाजली. नागपूरची मोना मेश्राम 2017 च्या विश्वचषक संघात होती. ऑक्टोबर 2022 पासून भारताकडून खेळताना मुलींना मुलांइतकंच सामना मानधन आहे. गावात लोक काय म्हणतील, असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते ओळींच्या मधे दिसतंय. लोक दोन हंगाम बोलतील.

मुलीला पंधरा वर्षांखालच्या गटाची संधी अजून आहे, आणि त्या गटात वयाची तपासणी कडक असते. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. कागद खोटा निघाला तर दोन वर्षांची बंदी येते. म्हणून ग्रामपंचायतीतून तिचा जन्म दाखला काढा आणि शाळेच्या रजिस्टरशी ताडून बघा. आपल्याकडे नाव घालताना गुरुजी सोयीची तारीख टाकून देतात, आणि पुढे ती निस्तरायला वर्ष जातं. फरक निघाला तर दुरुस्तीचा अर्ज याच महिन्यात द्या. शनिवारी मुलगा अमरावतीला निघेल तेव्हा तिलाही सोबत पाठवा. त्या प्रशिक्षकाला तिच्याही दोन षटकं बघायला सांगा.