जेकब हाती का लागत नाही?

प्रश्न : व्हर्जिनिया वुल्फ यांची ‘जेकब्ज रूम’ वाचून संपवली. युद्धाची कादंबरी म्हणतात, पण त्यात रणांगण नाही आणि जेकब कसा होता तेही कळलं नाही. वाचण्यात काय चुकलं?

उत्तर : जेकब निसटला, याचा अर्थ तुम्ही नीट वाचलंत. त्याच्या मनात शिरायला मिळेल म्हणून वाट पाहत राहिलं की मात्र फसगत होते. वुल्फ आपल्याला तिथे फार थोडा वेळ नेतात. बहुतेक वेळा तो दिसतो दुसऱ्यांच्या नजरेतून. केंब्रिजच्या गाडीत सहप्रवासी मिसेस नॉर्मनना तो आधी धोकादायक वाटतो. मग त्यांची नजर त्याच्या सैल मोज्यांवर, जुनाट टायवर जाते आणि हा आपल्या मुलासारखाच आहे असं त्यांना वाटू लागतं. त्याच्यावर मनोमन प्रेम करणाऱ्या क्लाराचा जेकब वेगळा, त्याच्या प्रेयसीचा, फ्लोरिंडाचा वेगळा. दुसऱ्या वाचनात पेन्सिल जवळ ठेवा आणि प्रत्येक प्रसंगाच्या समासात एवढंच लिहा : आत्ता कोण बघतंय?

युद्ध तर जेकबच्या आडनावातच आहे. फ्लँडर्स म्हणजे बेल्जियमकडची ती युद्धभूमी, पहिल्या महायुद्धात असंख्य ब्रिटिश तरुण जिथे मेले. कादंबरी 1922 ची. तेव्हाच्या वाचकाला हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. पहिल्या प्रकरणात समुद्रकिनाऱ्यावर भाऊ ‘जेकब’ म्हणून हाका मारतो, ओ येत नाही. लहानग्या जेकबला तिथे मेंढीची कवटी सापडते. बाराव्या प्रकरणात शेतातलं सैन्य कथिलाच्या खेळण्यांसारखं कोसळतं आणि भर तारुण्यातले डझनभर तरुण शांत चेहऱ्याने समुद्रात उतरून गुदमरतात, तेही जाता जाता, एका परिच्छेदात. तेराव्याच्या शेवटी जेकबच्या आईला रात्री दूरवर काही घुमताना ऐकू येतं. तोफा? एवढ्या दुरून नाही, समुद्रच असेल, असं ती स्वतःला समजावते.

तिसरं आणि चौदावं प्रकरण मात्र शेजारी ठेवून वाचाच. रिकाम्या खोलीतली जड हवा, हलणारा पडदा, कोणी बसलेलं नसताना करकरणारी वेताची खुर्ची : तिसऱ्यातली ही वाक्यं शेवटी तशीच परत येतात. पहिल्यांदा जेकब नुसता बाहेर गेलेला असतो. चौदाव्यात मित्र बोनॅमी खिडकीतून त्याला हाका मारतो आणि आई जुने जोडे पुढे करून विचारते, यांचं काय करू? तो मेला, असं वाक्य त्या प्रकरणात शोधू नका.

जेकबमागे एक खरा तरुणही आहे : वुल्फ यांचा भाऊ थोबी, केंब्रिजचाच, ग्रीसहून परतल्यावर विषमज्वराने 26 व्या वर्षी गेला, नोव्हेंबर 1906 मध्ये. कादंबरीतला जेकब केंब्रिजला जातो तो ऑक्टोबर 1906 मध्ये.