तीच धून तीनदा का वाजवतात?

प्रश्न : माझी भाची आयर्लंडमध्ये गॉलवेला असते. दिवाळीला येताना तिने तिथल्या वाद्यसंगीताची एक नवी रेकॉर्ड आणली. गाणं एकही नाही, नुसती वाद्यं. मुखपृष्ठावर लांब मानेचा बगळा आहे, तो इतका देखणा की मी ते पाकीट दिवाणखान्यात मांडून ठेवलंय. पण ऐकायला बसलं की पाच मिनिटांत वाटतं, तेच तेच चाललंय. चाळीस वर्षं ख्याल ऐकलेल्या माझ्यासारखीने हे ऐकावं कसं? पाकिटाचे दोन्ही बाजूंचे फोटो सोबत जोडले आहेत.
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, तुमचं पत्र आल्यावर तोच अल्बम मिळवून मी आठवडाभर ऐकला. पंचवटीत मी मुलांना व्हायोलिन शिकवते, त्यामुळे माझा कान आधी फिडलकडेच गेला. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवायची तऱ्हा तेवढी निराळी.

तुम्हाला जे तेच तेच वाटतं, ते खरोखर तेच आहे. आठ मापांचा एक भाग दोनदा, मग आठ मापांचा दुसरा भाग दोनदा, आणि अशी पूर्ण धून बहुतेक वेळा तीनदा. मग न थांबता पुढची धून. पण बंदिशीचा मुखडा आपण किती वेळा ऐकतो, आठवा. तिथे आपलं लक्ष आलापीकडे आणि तानांकडे असतं, म्हणून पुनरावृत्ती बोचत नाही. इथे फिरत फार लहान जागेत होते. एकाच सुराला वरून एक निसटता स्पर्श, पुन्हा तो सूर, खालून एक स्पर्श, पुन्हा तोच सूर. याला ते रोल म्हणतात. आपल्या मुरकीच्या जवळचा, पण बोटांना जास्त झटका देणारा. माझ्या वर्गातल्या बारा वर्षांच्या मुलीला मी दुसरा तुकडा ऐकवला. तिसऱ्या फेरीला ती म्हणाली, “बाई, आधी तिथे सूर लांबवला होता, आता तोडला.” मला स्वतःला ते दोनदा ऐकूनही कळलं नव्हतं.

तो दुसरा तुकडा जिग आहे. मांडीवर द्रुत दादरा धरा, तीन-तीन, बरोबर बसेल. रील आली की चार-चार मोजा. पाचवा तुकडा स्लिप जिग, त्याच्या नऊ मात्रा तीन-तीन-तीन अशा जातात. तिथे आपल्याकडचा ठेका शोधत बसू नका. हे सगळे नाचाचे प्रकार आहेत, त्यामुळे पाय आपोआप हलू लागला तर हलू द्या.

तुम्ही मात्र सुरुवात दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या तुकड्यापासून करा. तो स्लो एअर आहे. त्याला ताल नाही. साथीशिवाय गायच्या जुन्या आयरिश गाण्यांच्या चालीवर अशी वादनं उभी राहतात. इथे इलन पाइप्स आहेत. पोलीस बँडमधल्या बॅगपाइपसारखी ही तोंडाने फुंकत नाहीत. वादक बसून कोपराने भाता चालवतो, आणि त्या हवेवर एक आधारसूर अखंड धरलेला राहतो. तानपुरा लावून ऐकणाऱ्या तुमच्या कानाला इथे घरी आल्यासारखं वाटेल. २०१७ साली युनेस्कोने या वादनकलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

आता पाकीट. ते काचेआड ठेवू नका, मांडीवर घेऊन ऐका. फोनवर हेच चित्र तिकिटाएवढं होतं, बारा इंची पाकिटावर मात्र मानेची रेष बोटाने चालत जाता येते : एका वळणावर वरून, पुढच्यावर खालून, थेट चोचीपर्यंत. अशा गुंफलेल्या मानांचे पक्षी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या ‘बुक ऑफ केल्स’ या सुमारे इसवी सन ८०० च्या हस्तलिखितात आहेत. चित्रकाराने ती परंपरा घेतली आणि रंग मात्र चिखल-पाण्याचे ठेवले, हे मला फार आवडलं. शिवाय हा आपला राखी बगळाच. आयर्लंडमध्ये आणि नांदूर मध्यमेश्वरला एकच जात आहे. थंडीत निफाडकडे गेलात तर तो तसाच मान वाकडी करून उभा दिसेल.

मागची बाजूही सावकाश वाचा. कोणती धून कोणाकडून शिकली हे वादकांनी प्रत्येक तुकड्यापुढे लिहिलंय. एक आजीकडून, एक शेजारच्या शेतकऱ्याकडून. चौथ्या तुकड्यापुढे कॅरोलनचं नाव आहे. हा अंध हार्पवादक १६७० ते १७३८ या काळातला. गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरणाऱ्या आपल्या माणसांना ही नुसती वाण्याची यादी नव्हे, हे वेगळं सांगायला नको.

आधी तो स्लो एअर तीन-चार रात्री ऐका, दिवा मालवून. मग दुसरा तुकडा लावा, आणि तिसऱ्या फेरीत फिडलने सूर कुठे तोडला ते मला लिहून कळवा.